नळी बदलायची घाई नको: .२२ रायफलवाल्यांसाठी नागपूरच्या उन्हाळ्यातून शिकलेलं

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या .२२ मॅच रायफलचा (स्पर्धेत वापरतात त्या बारीक गोळीच्या रायफलचा) ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, फुटायला लागला. जानेवारीत ५० मीटरवर दहा गोळ्या १५ मिलिमीटरमध्ये बसत होत्या, आता त्याच लॉटच्या, म्हणजे त्याच खेपेत बनलेल्या, गोळ्या ३० मिलिमीटर पसरत होत्या. एका दुकानदाराने नुसतं ऐकूनच सांगितलं, "नळी गेली. नवीन टाका." भाव ऐकून रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी रायफल आणि लायसन्स घेऊन ओळखीच्या जुन्या गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणाऱ्या) काकांकडे गेलो. काकांनी नळीत बघितलंच नाही. रायफल गादीवर उभी धरली, डाव्या हाताचा अंगठा स्टॉकच्या (रायफलच्या लाकडी भागाच्या) टोकाला असा टेकवला की अर्धा लाकडावर आणि अर्धा नळीवर राहील, आणि उजव्या हाताने पुढचा ॲक्शन स्क्रू (नळी जिच्यात बसते तो लोखंडी भाग, म्हणजे ॲक्शन, लाकडाला बांधणारा) पाव फेरा ढिला केला. मग माझा अंगठा तिथे ठेवायला लावला आणि स्क्रू परत आवळला. नळी अंगठ्याखाली सरकली. केसाएवढीच, पण स्पष्ट जाणवली.

"नळी नाही गेली भाऊ," काका म्हणाले. "लाकूड वाळून राहिलं तुमचं. उन्हाळा आहे ना बाप्पा."

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. आपल्या नागपुरात .२२ ची नळी 'गेली' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा लाकूड, स्क्रू, साचलेली काजळी नाही तर गोळीचा लॉट यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. शिसं मऊ असतं, दाबही मोठ्या रायफलींच्या मानाने फार कमी, त्यामुळे नीट सांभाळलेली .२२ ची नळी हजारोंनी गोळ्या सहज झेलते. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम मारायच्या प्रकारात) कांस्य जिंकल्यापासून नवीन मुलं या प्रकाराकडे वळली आहेत आणि त्यांचे आई-वडील खर्चाने घाबरलेले असतात. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहितो आहे: नळी बदलायची की नाही हे कसं ठरवायचं, बदलायचीच असेल तर कारागिराला काय विचारायचं, आणि नवीन नळी आल्यावर काय करायचं.

आधी कायदा

परदेशातले व्हिडिओ बघून माझ्याकडे शिकणारी काही मुलं मला विचारतात, "दोन स्क्रू खोलले की नळी निघते, घरी का नाही करायची?" काही रायफलींमध्ये नळी खरंच तशी निघते. पण आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे आणि त्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरले जातात. नळी हा काही चाकाचा टायर नाही. दुरुस्ती, बदल, चाचणी यांचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो आणि परदेशातून भाग मागवायलाही परवाना लागतो. परवान्याशिवाय नळी आखूड करणं तर स्वतंत्र कलमाखाली गुन्हा आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर हात बसलेले उत्तम कारागीर आहेत, पण परवाना नसलेल्या लेथवाल्याकडे रायफल नेऊ नका. त्यालाही अडचणीत आणाल आणि स्वतःलाही.

आणखी एक गोष्ट. लायसन्सवर शस्त्राचा नंबर असतो आणि काही रायफलींवर तो नळीवरच कोरलेला असतो. अशी नळी बदलली तर कागदावरचा नंबर आणि हातातली रायफल जुळणार नाहीत. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी लायसन्स देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारा. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात.

यापुढे जे सांगतो ते तपासणी आणि देखभालीचं आहे. लायसन्सधारकाने स्वतःच्या रायफलवर करायचं.

रिकामी आहे याची खात्री

मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उघडा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) डोळ्याने बघा आणि तिच्या तोंडाला करंगळी लावूनही बघा. गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. रेंजवर चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून लावतो तो सेफ्टी फ्लॅग घरी काम करतानाही हाताशी असू द्या. तीस वर्षं रायफल चालवणारा माणूसही हे दर वेळी करतो.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. तारीख, वेळ, तापमान, गोळीचा लॉट नंबर, शेवटच्या साफसफाईनंतर किती गोळ्या झाल्या आणि ग्रुप किती, एवढं लिहा. ग्रुप मोजायचा तर व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे ५.६ मिलिमीटर, वजा करा.

किती ग्रुप पुरेसा? हे गणित मुलांना मी फळ्यावर काढून दाखवतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. गोळीची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत कुठेही चालतं. नीट झीरो केलेल्या (नेम टार्गेटच्या मध्याशी जुळवलेल्या) रायफलचा केंद्र ते केंद्र १६ मिलिमीटरचा ग्रुप जवळपास पूर्ण दहातच राहतो. तुमची रायफल आधाराला ठेवून १६ च्या आत मारत असेल तर नळीचा विचार डोक्यातून काढून टाका. दोष शोधायचा तर पोझिशनमध्ये शोधा.

स्क्रू आणि लाकूड

इथे जास्त वेळ घ्या, कारण आपल्या हवेत खरा घोळ इथेच होतो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की ओठ फाटतात. अक्रोड असो की बीच, स्टॉकचं लाकूडही तसंच आक्रसतं. ॲक्शन ज्या स्क्रूंनी स्टॉकला बांधलेली असते, त्यांच्यातला ताण मग आपोआप कमी होतो. जुलैत पाऊस लागला की लाकूड फुगतं आणि तोच स्क्रू गरजेपेक्षा घट्ट होतो. दोन्ही वेळा ग्रुप बिघडतो.

त्याहून वाईट म्हणजे कूलर. एप्रिल ते जून आपण ज्या खोलीत बसतो त्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असतो, हवा पाण्याने जड झालेली असते आणि कपाट त्याच खोलीत असतं. तिथून रायफल काढून तळपत्या उन्हात रेंजवर नेली की लाकूड एका दिवसात दोन ऋतू बघतं, आणि नळीवर गंजाचे ठिपके येतात ते वेगळंच. रायफल कूलर नसलेल्या खोलीत ठेवा. स्कूटरच्या फुटबोर्डवर, गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका, आणि गोळ्या तर नकोच, कारण त्यांच्या शिशावर मेणासारखं वंगण असतं आणि ते उन्हात मऊ पडतं.

तपासायचं असं. टॉर्क रेंच (स्क्रू किती ताणाने आवळला ते मोजणारा पाना) घ्या. इथल्या लोहा ओळीच्या बाजारात फिरलात तर मोठे मिळतात, पण आपल्याला लहान, न्यूटन-मीटरच्या एक-अंकी आकड्यांत मोजणारा लागतो, तो शोधून घ्या. माझ्या लाकडी स्टॉकच्या रायफलच्या पुस्तिकेत ५ न्यूटन-मीटर लिहिलं आहे. तुमच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच पाळा, ॲल्युमिनियमच्या स्टॉकचा वेगळा असू शकतो. रायफल उभी धरा म्हणजे ॲक्शन मागच्या बाजूला नीट टेकते. आधी दोन्ही स्क्रू अर्ध्या ताणापर्यंत आणा, मग पुढचा पूर्ण, मग मागचा. नुसत्या ॲलन कीने अंदाजाने आवळू नका. हाताचा अंदाज सकाळी वेगळा असतो आणि संध्याकाळी वेगळा.

मग काकांची अंगठ्याची परीक्षा करा. पुढचा स्क्रू ढिला करून आवळताना नळी सरकल्याचं जाणवलं तर ॲक्शन स्टॉकमध्ये सपाट बसत नाहीये. स्क्रू तिला वाकवतो आहे. हे बेडिंगचं (ॲक्शन लाकडात सपाट बसवण्याचं) काम, कारागिराकडे द्या. मॅच रायफलच्या नळीने सहसा स्टॉकला शिवायचं नसतं. कागदाची पट्टी नळीखालून सरकवत चेंबरच्या दिशेने न्या. अडली तर तिथे लाकूड टेकतं आहे. उन्हाळ्यात सरकलेली पट्टी पावसाळ्यात अडू शकते, म्हणून दोन्ही ऋतूंत बघा.

डायऑप्टरचा (मागच्या साईटचा) बेस, फोरसाईटचा (पुढच्या साईटचा) टनेल, टेलिस्कोप असेल तर त्याचे माऊंट, सगळे हलवून बघा. माझ्या एका मित्राची 'गेलेली नळी' निव्वळ फोरसाईटचा ढिला स्क्रू होती.

नळीचं तोंड

गोळी नळीतून सुटते ती शेवटची कड म्हणजे क्राऊन. तिथे एका बाजूला जरी ओरखडा किंवा पोचा असेल तर मागून येणारा वायू तिरपा सुटतो आणि गोळी ढकलली जाते. कान साफ करायच्या काडीचा कापूस हलकेच त्या कडेवरून चारही दिशांनी आतून बाहेर ओढा. कुठे धागा अडकला तर तिथे बारीक खरखरीत टोक आहे. मग भिंग आणि टॉर्च घेऊन बघा. काजळीचा ठसा फुलासारखा सगळीकडे सारखा असला पाहिजे. एका बाजूची पाकळी लांब आणि दुसऱ्या बाजूची गायब असेल तर कारागिराला दाखवा. क्राऊन नव्याने कापणं हे नवीन नळीच्या मानाने फारच छोटं काम आहे.

या कडेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तोंडाकडून घातलेला क्लिनिंग रॉड. जोडाजोडीचा ॲल्युमिनियमचा रॉड, प्रत्येक जोडाला बारीक पायरी, आणि तो कडेवर घासत जातो. असा रॉड आजच फेकून द्या.

साफसफाई

.२२ ची मॅच गोळी उघड्या शिशाची असते, तिला तांब्याचं कवच नसतं. म्हणून तांबं काढणारी अमोनियाची तीव्र रसायनं इथे लागत नाहीत. इथे प्रश्न वेगळा आहे. चेंबर संपतं आणि (गोळीला फिरकी देणारे) चर सुरू होतात त्या जागी काजळी, वंगण आणि प्रायमरमधली (बार पेटवणाऱ्या मसाल्यातली) काचेची बारीक पूड मिळून एक कडक कडं तयार होतं. नवीन गोळी त्या कड्यातून घुसताना सोलली जाते. नळी संपल्यासारखा ग्रुप देणाऱ्या कितीतरी रायफली हे कडं काढल्यावर पुन्हा सरळ मारतात.

बोल्ट काढा. मागून बोअर गाईड (रॉड सरळ ठेवणारी नळी) बसवा. एकसंध, आवरण असलेला रॉड घ्या. सॉल्व्हंटमध्ये (काजळी विरघळवणाऱ्या द्रवात) भिजवलेला पॅच (कापडाचा तुकडा) एका दिशेने ढकला, तोंडातून बाहेर पडला की काढून टाका आणि रॉड मोकळा मागे घ्या. असे दोन ओले पॅच झाले की दहा मिनिटं थांबा. मग ब्रॉन्झच्या ब्रशला सॉल्व्हंट लावून फक्त चेंबरच्या पुढच्या दोन-तीन इंचांत पाच-सहा वेळा गोल फिरवा. पूर्ण नळीभर ब्रश मारायची गरज वर्षातून क्वचितच पडते, असं माझं मत आहे. काही चांगले शूटर दर वेळी मारतात. त्यानंतर कोरडे पॅच, पांढरे बाहेर येईपर्यंत. बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं नळकांडं बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखालची काजळी जुन्या टूथब्रशने काढा.

कोरडा घट्ट पॅच सावकाश ढकलताना डोळे मिटा. हात सगळं सांगतो. सगळीकडे सारखा विरोध लागला तर उत्तम. तोंडाकडे किंचित घट्ट होत गेला तर त्याहून उत्तम. पण मध्येच एका जागी रॉड एकदम सैल पळाला आणि पुन्हा घट्ट झाला, तर तिथे नळी फुगलेली असण्याची शक्यता आहे. नळीत अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी मारली गेली की असं होतं. उजेडाकडे धरून आतून बघा, फुगवटा काळसर कड्यासारखा दिसतो. तसं दिसलं तर रायफल वापरायची थांबवा आणि कारागिराकडे न्या.

साफ केल्यावर लगेच ग्रुप मोजू नका. स्वच्छ नळीला पुन्हा वंगणाचा थर लागेपर्यंत दहा-वीस गोळ्या जातात. त्या वहीत 'बसवणीच्या' म्हणून लिहा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत रायफल जमा करावी लागली असेल तर परत आणल्याच्या दिवशीच हे सगळं करा. जमा करण्याआधी नळीत तेलाचा पातळ हात फिरवून द्यावा आणि परत आल्यावर ते तेल पूर्ण पुसल्याशिवाय एकही गोळी मारू नये.

गोळीचा लॉट

एकाच कंपनीची, एकाच रंगाच्या डब्यातली गोळी, पण लॉट नंबर बदलला की वागणं बदलतं. प्रत्येक नळीची स्वतःची आवड असते. शेजाऱ्याच्या रायफलमध्ये १२ मिलिमीटर देणारा लॉट तुमच्यात २५ देऊ शकतो.

तीन ते पाच लॉटचे डबे घ्या. पहाटे, वारा उठायच्या आत, रायफल बेंचवर वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने ठेवून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप मारा. लॉट बदलला की आधी पाच-सहा गोळ्या नुसत्या मारून टाका, नळीला नवं वंगण लागू द्या. शेवटी प्रत्येक लॉटची सरासरी काढा. सगळ्यात छान ग्रुपचा फोटो काढून त्यावर निर्णय घेणारे खूप बघितले आहेत, त्यांचा पैसा वाया जातो. वाईट ग्रुपही तुमचाच असतो, तो धरून सरासरी काढा.

रिकाम्या केस (उडालेल्या गोळ्यांची पितळी नळकांडी) फेकू नका. दहा केस ओळीत उभ्या करून फायरिंग पिनच्या खुणा बघा. रिमवरचा (केसच्या बुडाच्या कडेवरचा) ठसा कुठे खोल, कुठे उथळ असेल तर बार सारखा पेटत नाही आणि ग्रुप उभा ताणला जातो. पिन किंवा स्प्रिंग बदलली की काम होतं. आणि बार उडालाच नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढची गोळी भरू नका. आधी नळी मोकळी आहे का ते बघा.

आता निर्णय

स्क्रू बरोबर, लाकूड टेकत नाही, क्राऊन स्वच्छ, कडं काढलं, पिन सारखी मारते, चार-पाच लॉट झाले, तुमच्यापेक्षा चांगल्या शूटरनेही बेंचवरून मारून बघितलं, आणि तरीही एकाही लॉटची सरासरी २५ मिलिमीटरच्या खाली येत नाही. तेव्हा मी नळीकडे बोट दाखवीन, त्याआधी नाही. गनस्मिथकडे बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचं यंत्र) असेल तर त्याला चेंबरच्या लगेच पुढे, खालच्या बाजूला, घड्याळातल्या सहाच्या जागी बघायला सांगा. .२२ ची नळी झिजते ती आधी तिथेच, काचेच्या पुडीमुळे. तिथले चर बोथट झालेले दिसले तर मन घट्ट करा.

कारागिराशी बोलताना

तुमच्या रायफलमध्ये नळी कशी बसवलेली आहे हे आधी विचारा. कुठे नळी रिसिव्हरमध्ये आट्यांनी आवळलेली असते, कुठे दाबून बसवून आडव्या पिना ठोकलेल्या असतात, कुठे दोन ग्रब स्क्रू असतात, तर कुठे व्ही-ब्लॉक आणि दोन स्क्रू. यावर कामाचा वेळ आणि खर्च ठरतो. ग्रब स्क्रूवाल्या रायफलचं काम झटकन होतं, दाबून बसवलेल्याला प्रेस लागते.

मग हेडस्पेस. .२२ मध्ये केसची रिम चेंबरच्या तोंडाला टेकते, म्हणून बोल्टचं तोंड आणि नळीचा मागचा भाग यांच्यातली जागा रिमच्या जाडीवर ठरते. ही जागा साधारण १.०९ मिलिमीटर असते. जास्त झाली तर पिनचा फटका फुकट जातो, कमी झाली तर बोल्ट नीट बंद होत नाही. "गेजने मोजून द्या आणि आकडा बिलावर लिहा," असं सरळ सांगा. चांगला कारागीर याने नाराज होत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

एक्स्ट्रॅक्टरच्या खाचा नव्या नळीवर बरोबर जागी आल्या आहेत का ते बघा. चरांचा पीळ १६ इंचांत एक फेरा, हे .२२ लाँग रायफलचं नेहमीचं माप. जुन्या नळीपेक्षा नवी जाड असेल तर स्टॉकची खाच मोकळी करावी लागेल, ते त्याच वेळी ठरवून घ्या. जुन्या नळीचं काय करायचं तेही कागदावर ठरवा. ती घरी माळ्यावर टाकायची वस्तू नाही.

नवीन नळी आल्यावर

पहिल्यांदा आतलं साठवणीचं तेल काढा. कोरडे पॅच, बस. क्राऊनवर कापसाची काडी फिरवून बघा, नवीन म्हणून विश्वास ठेवू नका. स्क्रू टॉर्क रेंचने लावा. बोल्ट रिकामा पाच-सहा वेळा उघड-बंद करून बघा, कुठे अडखळतो का.

पहिल्या पाच गोळ्या एकेक भरून मारा आणि प्रत्येक केस हातात घेऊन बघा. रिम फुगलेली, फाटलेली किंवा बाजूने काळी झालेली दिसली तर तिथेच थांबा आणि रायफल परत न्या. सगळं ठीक असेल तर ५० गोळ्या होऊ द्या, मग ॲक्शन स्क्रूंचा ताण पुन्हा मोजा, कारण पहिल्या धक्क्यांनी लाकूड थोडं बसतं. झीरो नव्याने करा. जुन्या नळीच्या आवडीचा लॉट पेट्यांनी साठवला असेल तरी लॉटची परीक्षा पहिल्यापासून करा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या नव्या नळीने जुना लाडका लॉट पार नाकारला आणि कपाटात पडून असलेला, कुणालाच नको असलेला लॉट १४ मिलिमीटरमध्ये बसवला.

माझी स्वतःची नळी अजून जुनीच आहे. काकांनी त्या दिवशी ॲक्शनखाली बेडिंग करून दिलं आणि स्क्रू ५ वर लावले. मृगाचा पाऊस पडला त्या आठवड्यात रेंच लावून बघितला तर काटा ६ च्या वर गेला होता. तो परत ५ वर आणला आणि वहीत तारीख टाकली.